नवतपा लागायच्या आधी गाडीचं कूलंट घरीच बदला, असं

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात एसी फुल आणि गाडी व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर उभी, म्हणजे समोरून हवा पण नाही. तेव्हा इंजिन वाचतं ते फक्त कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि रेडिएटरच्या (ते द्रव थंड करणाऱ्या जाळीच्या) फॅनमुळे. तरी बरेच जण लेव्हल कमी दिसली की बोअरचं पाणी ओतून मोकळे होतात. हे नका करू भाऊ. बोअरचं पाणी जड असतं, कूलरच्या जाळीवर जसा पांढरा थर धरतो तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून धरतो, आणि तो दिसत नाही, डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वर चढला की मगच कळतं. शिवाय साधं पाणी १०० डिग्रीला उकळतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असलं तर १०६-१०७ ला, आणि रेडिएटरचं झाकण आत प्रेशर धरून ठेवतं म्हणून प्रत्यक्षात १२० च्याही वर. त्यामुळे झाकणाचं रबर कडक झालं असेल, चिरलं असेल तर नवीन झाकणच टाका, स्वस्त पार्ट आहे.

काम सकाळी करायचं, गाडी रात्रभर उभी राहिलेली पाहिजे. इंजिन गरम असताना हे झाकण कधीच उघडायचं नाही, आतलं उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं.

झाकण काढा, खाली टब ठेवा आणि रेडिएटरच्या खालचा ड्रेन प्लग हळूहळू ढिला करा (काही गाड्यांना प्लग नसतो, मग खालचा होज (रबरी पाइप) काढावा लागतो). पाणी गंजासारखं तपकिरी निघालं तर डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन थोडं चालवून, थंड होऊ देऊन परत काढा, स्वच्छ निघेपर्यंत. हे जुनं कूलंट नालीत किंवा अंगणात ओतू नका, चवीला गोड असतं, कुत्रे गाई पितात आणि मरतात. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.

नवीन घेताना रंगावर जाऊ नका, हिरवं लाल हे कंपनी-कंपनीवर असतं, मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिला आहे तोच घ्या. डब्यावर रेडी टू यूज आहे की कॉन्सन्ट्रेट (डिस्टिल्ड वॉटर मिसळून वापरायचं) तेही वाचा, रेडी टू यूजमध्ये परत पाणी टाकलं तर सगळं पातळ होऊन जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हवा काढणं. घाईघाईत भरून झाकण लावलं की आत हवेचा गोळा अडकतो आणि नवीन कूलंट असूनही गाडी तापते, मग लोक कूलंटलाच शिव्या देतात. हळूहळू भरा, हीटर फुल गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवूनच इंजिन आयडलवर (रेस न देता) चालू करा. बुडबुडे येत राहतील, लेव्हल खाली जाईल तसं भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा, आणि फॅन आपोआप चालू होऊन बंद होतो का ते पाहा. नाहीच चालू झाला तर फ्यूज, रिले तपासा, तोवर गाडी बाहेर काढू नका. कूलंटच्या टाकीची लेव्हल मात्र दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावरच पाहायची. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नाही त्यात सगळं एक्सपान्शन टँकमधूनच (कूलंटच्या टाकीतूनच) भरायचं, त्यांची हवा काढायची पद्धत वेगळी असू शकते, मॅन्युअल पाहा.

बोनेट उघडलंच आहे तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ, किडे पण काढा. साध्या पाइपने, इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने. प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन्स (जाळीच्या पातळ पत्र्या) आडव्या होतात.

आणि वर्धा रोडला कुठे काटा वर गेलाच तर एसी बंद, हीटर फुल, गाडी बाजूला घ्या. काटा उतरत नसेल तर इंजिन बंद करून थांबा, तसंच रेटलं तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं. नंतर ऑइल फिलरच्या झाकणाखाली चहावरच्या सायीसारखं काही दिसलं तर हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलं असू शकतं, ते घरचं काम नाही, गाडी टो करूनच न्या.