नवऱ्याला किंवा बायकोला ब्रेन ट्यूमर: घरच्या माणसाने काय सांभाळायचं

ओपीडीत डॉक्टर पेशंटला दहा मिनिटं बघतात, बाकीचा दिवस तुम्ही बघता. म्हणून आधी एक दोनशेपानी वही घ्या. ‘बरं वाटत नव्हतं’ असं लिहू नका. तारीख, वेळ आणि जे दिसलं ते लिहा: सकाळी उठताच डोकं दुखलं, उलटी झाली, मग कमी झालं. ताटातली उजवीकडची भाजी संपते आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते, दारातून जाताना डावा खांदा चौकटीला लागतो, हेही लिहा. पेशंटला डावी बाजू जाणवतच नसेल, तर तो स्वतःहून हे कधीच सांगणार नाही.

फाइलमध्ये एमआरआयच्या फिल्मसोबत सीडी हवीच. ऑपरेशन ठाण्यात आणि पुढचे उपचार खारघरच्या ॲक्ट्रेकला (टाटाचंच कॅन्सर केंद्र) किंवा परळच्या टाटाला घ्यायचे असतील, तर पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. आयडीएच, एमजीएमटी या गाठीच्या जनुकांच्या तपासण्या त्या ब्लॉकवरच होतात, नुसत्या रिपोर्टवर नाही.

घोळ सगळ्यात जास्त होतो तो डेक्सामेथासोनचा, म्हणजे सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळीचा. मेंदूची सूज उतरली की दोन-तीन दिवसांत माणूस टवटवीत दिसतो आणि घरचे गोळी थांबवतात. असं अचानक कधीही थांबवू नका. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात, तो तारखेनिशी वहीत उतरवून घ्या. गोळी नाश्त्यानंतर द्या. दुसरा डोस असेल तर दुपारी चालेल का ते विचारा, कारण रात्री घेतली की झोप उडते. साखर वाढते, त्यामुळे मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर घरी हवा. चिडचिड स्टेरॉइडमुळे होते, तशी फीटच्या लेव्हेटिरासिटाममुळेही होते. ती मनाला लावून घेऊ नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. फीटची गोळी मात्र एकही चुकवू नका.

फीट आली तर आधी घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. तोंडात चमचा नको, पाणी नको, कांदा-चप्पल हुंगवणं तर नकोच. फीट पाच मिनिटांहून लांबली किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ लावा. एरवी बाथरूमची कडी आतून लावू द्यायची नाही. गाडी चालवणं आणि लोकलच्या दारात उभं राहणं बंद.

ग्लिओब्लास्टोमात (मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर) रेडिएशन साधारण ३० वेळा असतं, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. ठाण्याहून पनवेल लोकलने खारघर सुरुवातीला जमतं. पुढे थकवा साचत जातो, तेव्हा शेवटच्या आठवड्यांसाठी गाडी आणि सोबत कोण, हे आधीच ठरवा. स्टेरॉइडने चेहरा सुजून रेडिएशनच्या वेळी डोकं स्थिर ठेवणारा मास्क घट्ट झाला तर टेक्निशियनला लगेच सांगा. टेमोझोलोमाइड (केमोची कॅप्सूल) रिकाम्या पोटी, उलटीची गोळी आधी, कॅप्सूल न फोडता. ताप १००.४ झाला की क्रोसिन देऊन वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा. एकच पोटरी सुजली किंवा दम लागला तर थेट कॅज्युअल्टीत.

आणि बँकेचं काम ऑपरेशनच्या आधी उरका: जॉइंट खातं, नॉमिनी, विम्याची कागदपत्रं, मोबाइलचा पिन. हात अधू झाला की सही जुळत नाही, आणि वाचा गेली तर पिन विचारायचा कोणाला?