कंपार्टमेंट प्रेशर मोजताय? या चुका टाळा

मुंबई-आग्रा हायवेवर बाईक घसरलेली, नडगीचं हाड मोडलेलं, गावात कुणीतरी कामट्या लावून गच्च बांधून दिलेलं आणि धुळ्याला पोचेपर्यंत रात्रीचे दोन. आमचा ज्युनियर रेसिडेंट कंपार्टमेंट प्रेशर, म्हणजे पायातल्या स्नायूंच्या बंद कप्प्यातला दाब, मोजून आला, म्हणे सर १८ एमएम पारा आहे, टेन्शन नाही. पेशंटचं मात्र एकच, "डाक्टर, पाय भलता दुखी राह्यना." मी पायाचा अंगठा हळूच वर ओढला तर गडी बोंबललाच. पोरानं फक्त पुढचा कंपार्टमेंट मोजला होता. मागचा खोलातला मोजला तर ४६.

ही पहिली चूक, आणि सगळ्यात महागात पडणारी. गुडघ्याखाली कंपार्टमेंट चार आहेत, चारही मोजा, आणि तेही फ्रॅक्चरपासून ५ सेंटीमीटरच्या आत, कारण लांब गेलं की आकडा खाली येतो. त्याआधी पट्टी, प्लास्टर, कामट्या सगळं काढा.

मशीन झिरो करण्यात, म्हणजे मोजण्याआधी आकडा शून्यावर आणण्यात, पोरं फार घाई करतात. सिरिंज-ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा नको, आणि हातात धरायचं मशीन असेल तर ज्या अँगलने सुई घालणार त्याच अँगलला धरून झिरो करायचं, टेबलावर आडवं ठेवून झिरो केलं आणि मग उभं घुसवलं तर चुकलंच समजा. आर्टेरियल लाइनच्या (धमनीत नळी घालून बीपी मोजतात त्या) ट्रान्सड्युसरवर, म्हणजे दाब टिपणाऱ्या सेन्सरवर, मोजत असाल तर तो सुईच्या लेव्हलला हवा, १० सेंटीमीटर वरखाली झाला की ७ एमएम पाऱ्याचा फरक पडतो. सुई साइड-पोर्टवाली, म्हणजे बाजूला भोक असलेली, घ्या, साधी सुई प्रेशर जास्त दाखवते. सलाईन ०.३ एमएलपेक्षा जास्त सोडू नका, त्यानेच प्रेशर वाढतं. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, मग बोटाने तो कंपार्टमेंट हलका दाबा, आकडा वर जाऊन परत खाली आला तर सुई जागेवर आहे. नाही हलला तर तुम्ही बहुतेक चरबीत आहात!

आता गणित. नुसतं १८ की ४६ बघून भागत नाही, डायस्टोलिकमधून, म्हणजे बीपीच्या खालच्या आकड्यातून, तो आकडा वजा करा, उत्तर ३० च्या खाली आलं तर फॅसिओटॉमीची, म्हणजे कप्प्यावरचा पडदा कापून दाब मोकळा करण्याची, तयारी. आमच्या पेशंटचं डायस्टोलिक ७०, म्हणजे उरले २४. यातही एक मेख आहे, भूल दिल्यावर बीपी पडतं आणि फरक उगाच कमी दिसतो, म्हणून ऑपरेशन टेबलावर मोजत असाल तर भूल देण्याआधीचं डायस्टोलिक धरा. आणि पायाची नाडी लागतेय म्हणून गप्प बसणाऱ्यांना काय म्हणावं, नाडी तर शेवटपर्यंत लागते.

सरावाला मी पोरांना खाटकाकडून बोकडाची तंगडी आणायला लावतो, वरचा पांढरा पडदा न काढलेली. पडदा फुटताना सुईला जो 'टक' लागतो तो एकदा हाताला कळला की रात्री दोनला चरबीत मोजून भलताच आकडा सांगत नाही कुणी. मग दोघांना एकाच जागी वेगवेगळं मोजायला लावतो, आकडे कागदावर, एकमेकांना न दाखवता. ५ पेक्षा जास्त फरक आला की दोघंही परत झिरोपासून. तंगडीचं पुढे काय होतं ते हॉस्टेलच्या मेसला विचारा.