क्रूझ निवडताना या चुका टाळा: मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

सुट्ट्या जवळ आल्या की लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगरकडून एकच प्रश्न येतो: "कोणती कंपनी चांगली?" पहिली चूक इथेच होते, कारण कंपनीच्या आधी जहाज बघायचं असतं. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीने चालवलेलं 'एम्प्रेस' १९९० साली बांधलेलं आहे आणि पन्नास हजार टनांच्या आतलं आहे. सिंगापूरहून सुटणारं 'गेंटिंग ड्रीम' २०१६ चं, साधारण दीड लाख टनांचं. दोन्हींवर जेवण, नाटक, पोहण्याचा तलाव सगळं मिळतं, पण खोलीचा आकार, लिफ्टची गर्दी, मुलांची खेळायची जागा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एकाच कंपनीची दोन जहाजंसुद्धा सारखी नसतात. म्हणून आधी जहाजाचं नाव विचारा, ते कोणत्या साली बांधलं आणि शेवटचं नूतनीकरण कधी झालं ते बघा. मगच भाव बोला.

जाहिरातीतला भाव खरा धरणं

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि सगळ्यात जास्त लोक हीच करतात. जाहिरातीत "माणशी अमुक हजारांपासून" असं लिहिलेलं असतं. तो भाव बिनखिडकीच्या सगळ्यात स्वस्त खोलीचा असतो आणि खोलीत दोन माणसं धरून काढलेला असतो. एकट्या माणसाने खोली घेतली तर अनेक कंपन्या जवळजवळ दोघांचं भाडं लावतात. उलट तिसरा-चौथा माणूस त्याच खोलीत स्वस्तात बसतो, पण तो झोपतो छतातून खाली येणाऱ्या पलंगावर. तिथे चढायला उभी, अरुंद शिडी असते. साठीच्या पुढच्या आई-वडिलांना ती चढायला लावू नका. दोन हजार वाचवायला जाऊन गुडघा दुखावून घेण्यात काही अर्थ नाही. शेजारशेजारच्या दोन खोल्या घ्या.

भाड्यावर बंदर शुल्क आणि कर वेगळे लागतात. परदेशी कंपन्या त्यावर रोजची टिप धरतात. रॉयल कॅरिबियनवर साध्या खोलीसाठी ती माणशी, रोजची १८.५० डॉलर राहिली आहे आणि मुलांनाही लागते. चौघांचं कुटुंब, चार रात्री: २९६ डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांच्या पुढे. हा आकडा बुकिंगच्या पहिल्या पानावर दिसत नाही. परदेशी पॅकेजवर टीसीएसही, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल केलेला आयकर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आज खिशातून जातोच.

कागदावर चार ओळी लिहा: खोलीचं भाडं, बंदर शुल्क व कर, टिप, आणि घरापासून जहाजापर्यंतचा खर्च व्हिसासकट. बेरीज करा आणि रात्रींच्या संख्येने भागा. दिवसांनी भागू नका. "तीन दिवस, दोन रात्री" म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी चढायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून उतरायचं. पूर्ण दिवस हातात एकच येतो. हे गणित न करता 'ऑफर आज रात्री संपतेय' म्हणून बटण दाबणारे नंतर भांडतात, पण तोवर पैसे गेलेले असतात. उतावळेपणाने आजवर कुणाची क्रूझ स्वस्त झालेली नाही.

त्याच दिवशी मुंबईला पोचणं

परभणीकडच्या सात जणांच्या एका कुटुंबाने पहाटेची गाडी धरली. गाडी सीएसएमटीला दुपारी अडीचच्या आत पोचायची होती. जहाज पाच वाजता सुटणार आणि चेक-इन साडेतीनला बंद होणार होतं. स्टेशनपासून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल दोन किलोमीटरच्या आत आहे. कागदावर तासभर हाताशी होता. गाडी क्रॉसिंगला थांबली, पुढे कसाऱ्याच्या अलीकडे पुन्हा थांबली आणि दीड तास उशिरा पोचली. टर्मिनलच्या दारात मंडळी उभी राहिली तेव्हा सव्वाचार वाजले होते. जहाज समोर होतं, शिडीही अजून लावलेली होती, आजीला तर वरच्या डेकवर हात हलवणारी माणसं दिसत होती. तरी आत सोडलं नाही.

लोकांना वाटतं, पाच मिनिटांनी काय बिघडतं? बिघडतं, कारण प्रवाशांची अंतिम यादी जहाज सुटण्याआधी बंद करून अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. ती गेली की नवीन नाव चढत नाही. अशा वेळी तिकीट 'नो-शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही असं, धरतात आणि परतावा शून्य. त्या सात जणांचे सगळे पैसे गेले.

आदल्या रात्रीची देवगिरी किंवा लातूर–मुंबई एक्सप्रेस धरा, सकाळी मुंबईत उतराल आणि चार-पाच तास उशीर झाला तरी निभावेल. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर एक दिवस आधी जाऊन मुक्काम करा. सिंगापूरला जायचं असेल तर नांदेड-लातूरकरांना हैदराबादहून विमान सोयीचं पडतं, पण तेही आदल्या दिवशीचंच घ्या. सिंगापुरात क्रूझची टर्मिनलं दोन आहेत: मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ टर्मिनल" सांगू नका, तिकिटावरचं नाव दाखवा.

बाकीच्या चुका

खोलीचा नंबर कंपनीवर सोडणं. वर जेवणाचा हॉल किंवा पोहण्याचा तलाव असला की पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज ऐकत पडावं लागतं. डेकचा नकाशा उघडा आणि जिच्या वरही खोल्या आणि खालीही खोल्याच आहेत अशी खोली घ्या. जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकवर हेलकावे सगळ्यात कमी लागतात. 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' लिहिलं असेल तर खिडकीत समुद्राऐवजी लाइफबोट दिसते.

उलटी सुरू झाल्यावर गोळी शोधणं. तिचा खरा उपयोग आधी घेतली तरच. डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्याआधीच घ्या.

सिंगापूरचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापुरातच येतं, म्हणून एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. पासपोर्टची मुदतही सहा महिने तरी शिल्लक हवी.

लक्षद्वीपला उतरणारच असं धरून चालणं. तिथे जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. लाटा वाढल्या की उतरणं रद्द होतं, आणि अशा वेळी भाडं परत मिळत नाही.

चोवीस आठवड्यांच्या पुढची गर्भवती किंवा सहा महिन्यांखालचं बाळ घेऊन बुकिंग करणं. बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत.

जैन जेवण चढल्यावर मागणं. ते बुकिंग करतानाच लिहून द्या. घरचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी तपासणीत अडकू शकते, सीलबंद पाकिटं बहुधा चालतात. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड मात्र जमा करून घेतात.

फोन फ्लाइट मोडवर न टाकणं. भर समुद्रात तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि नेहमीचा रोमिंग पॅक तिथे लागू होत नाही.

सगळं मोठ्या बॅगेत भरणं. दारात जमा केलेली बॅग खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते. पासपोर्ट किंवा मूळ आधार, बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा आणि मुलांचे पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.