जुन्या अमेरिकी शाळांच्या पद्धतीने सॅम्पलर कसा भरावा

अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अनेक गावांत स्त्रिया मुलींसाठी लहान-मोठ्या खाजगी शाळा चालवत असत आणि वाचनाबरोबर सुईकाम हा तेथील मुख्य विषय असे. मुलगी लहान असतानाच तिच्याकडून अक्षरे व आकडे यांचा साधा नमुना, म्हणजे सॅम्पलर, भरून घेतला जाई, कारण घरातील चादरी आणि रुमालांवर आद्याक्षरे व क्रमांक घालणे हे तिला पुढे आयुष्यभर करावे लागणार होते. चित्रे, इमारती आणि वचने असलेला मोठा सॅम्पलर त्यानंतर येई. खाली सांगितलेली कृती या दोहोंच्या मधली आहे.

सर्वप्रथम कोणत्या शाळेच्या वळणाने जायचे ते ठरवावे. टाके मुलीचे असले तरी आराखडा बहुधा शिक्षिकेचा असे, त्यामुळे एकाच शाळेतील मुलींची कामे बहिणींसारखी दिसतात. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे मेरी बाल्च यांच्या शाळेतील मुली गावातील सार्वजनिक इमारती भरत, आणि ‘सद्गुण तुझा वाटाड्या होवो’ अशा अर्थाची ओळ त्यांच्या कामांवर वारंवार येते. पेनसिल्व्हेनियात १७९९ मध्ये सुरू झालेल्या क्वेकर पंथाच्या वेस्टटाउन शाळेचे काम याउलट संयमित होते: भौमितिक आकृत्या, स्वच्छ अक्षरे आणि रफूचे नमुने. याच शाळेतील मुलींनी रेशमी कापडाचे पृथ्वीगोल करून त्यांवर खंडांच्या सीमा भरल्या, म्हणजे भूगोलाचा धडाही सुईनेच गिरवला. नवशिक्यांनी वेस्टटाउनचे वळण घ्यावे असे मी सुचवीन. इमारतींच्या खिडक्या फार वेळ खातात.

कापड म्हणून इंचाला २८ धागे असलेले सम विणीचे लिनन घ्यावे. दोन धाग्यांवर एक फुली घातली की इंचात १४ फुल्या बसतात. लिनन न मिळाल्यास मॅटी चालेल, मात्र तिच्या एका इंचात किती चौकोन आहेत ते मोजून पुढचा हिशेब बदलावा. त्या मुली बहुधा रेशीम वापरत. आपण सहा पदरी सुती धाग्यातील दोन पदर घ्यावेत आणि सुई बोथट टोकाची असावी. नक्षी ८ इंच रुंद व १० इंच उंच धरल्यास चारही बाजूंना दोन-दोन इंच सोडून १२ बाय १४ इंचांचा तुकडा कापावा, कडा उसवू नयेत म्हणून त्या शिवून घ्याव्यात आणि मधोमध उभा-आडवा धावदोरा घालावा.

आता आलेख कागदावर मांडणी करावी, आणि या पायरीत मुळीच घाई करू नये. आठ इंचांत ११२ फुल्या येतात. दोन्ही बाजूंच्या किनारीला आठ-आठ दिल्या की ९६ उरतात. एक अक्षर पाच फुल्या रुंद, सात फुल्या उंच आणि पुढे दोन फुल्यांची जागा, असे धरले तर बारा अक्षरांना ८४ फुल्या लागतात. जुन्या सॅम्पलरांत ‘जे’ आणि ‘यू’ ही अक्षरे अनेकदा वगळलेली असत, त्यामुळे उरलेली चोवीस अक्षरे दोन ओळींत नेमकी बसतात; ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ यांना थोडी जास्त जागा द्यावी. नाव देवनागरीत घालायचे असल्यास वेलांट्या आणि मात्रांसाठी ओळीची उंची वाढवावी लागते. ओळ संपत आल्यावर उरलेली अक्षरे वरच्या रिकाम्या जागेत कोंबलेली अनेक जुन्या कामांत दिसतात. मला ती आवडतात, पण मुद्दाम तसे करण्याचे कारण नाही.

भरायला अक्षरांपासून सुरुवात करावी, मग आकडे, त्यानंतर वचन व आकृत्या, आणि किनार शेवटी. सुमारे १८ इंचांहून लांब धागा घेऊ नये. गाठ न मारता धाग्याचे टोक मागील टाक्यांखाली दाबावे. सर्व फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेने गेला पाहिजे, नाहीतर पृष्ठभाग खडबडीत दिसतो.

खाली नाव, वय आणि वर्ष घालावे. हॅरिसबर्ग येथील बार्बरा बेनर हिने १८१२ च्या आपल्या सॅम्पलरवर आईवडिलांच्या नावांसोबत शिक्षिका लीआ मेग्वायर यांच्या शाळेचाही उल्लेख केला आहे. आपल्याला कोणी टाके शिकवले असतील, तर त्यांच्या नावासाठी आराखड्यातच एक ओळ राखून ठेवावी.

काम पूर्ण झाल्यावर, धाग्यांचा रंग जात नाही याची वापरलेल्या धाग्याच्या तुकड्यावर खात्री करूनच ते गार पाण्यात धुवावे, उलट्या बाजूने इस्त्री करावी आणि आम्लरहित पुठ्ठ्यावर दोऱ्याने ताणून बसवावे. गोंद लावू नये, आणि फ्रेम थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर टांगू नये.