बगीची चेसी: आधी पुठ्ठा, मग पत्रा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं लहानसं मशीन शॉप आहे. एक लेथ, एक मिलिंग, एक पिलर ड्रिल, आणि शनिवारी दुपारनंतर माझा भाचा. त्याच्या नादानं मी इलेक्ट्रिक आरसी बगीत, म्हणजे रिमोटवर रानात पळणाऱ्या छोट्या गाडीत पडलो. आजवर तीन चेसी, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात ते गाडीचं बूड, केल्या. पहिलीला चीर गेली, दुसरी वळेना, तिसरी गेले सहा महिने ढेकळांतून पळतेय. स्वतःची चेसी करायची असेल त्यानं माझा दोन पत्र्यांचा खर्च वाचवावा म्हणून हे लिहितोय.

एक सांगून ठेवतो. सगळी गाडी घरी करायचा हट्ट धरू नका. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चाकं धरणारे आर्म आणि हब, धक्के झेलणारे शॉक हे एका कुठल्यातरी चालू १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या), फक्त मागच्या चाकांना जोर देणाऱ्या टू-व्हील-ड्राइव्ह बगीचे सुटे पार्ट म्हणून विकत घ्या. सगळे एकाच मॉडेलचे घ्या, नाहीतर पिनची जाडी जुळवण्यात दिवाळी उजाडेल. आपण करायचं ते खालची मुख्य प्लेट, शॉकची वरची टोकं धरणारा पुढचा-मागचा शॉक टॉवर, सर्व्होचा (पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचा) आणि बॅटरीचा माउंट, आणि पुढच्या आर्मखालचा तिरका ठोकळा. एवढ्यातही डोकं पुरेसं फिरतं.

माझे वडील पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणारे. फौंड्रीचं ड्रॉइंग हातात आलं तरी लगेच सागवानाला हात लावायचे नाहीत. फरशीवर खडूनं खऱ्या मापात आखायचे, भोवती दोन फेऱ्या मारायचे, मग करवत. आपणही तेच करायचं, फक्त खडूऐवजी पुठ्ठा. मिठाईच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या आणि त्यावर दोन ॲक्सलच्या रेषा २८५ मिमी अंतरावर मारा. १/१० बगीचा व्हीलबेस, म्हणजे दोन ॲक्सलमधलं अंतर, साधारण याच्याच आसपास असतो, आणि बाहेरून बाहेर रुंदी २५० मिमीच्या आत. मग प्रत्येक वस्तू पुठ्ठ्यावर खरोखर ठेवून पेन्सिल फिरवा. शॉर्टी (आखूड) बॅटरी ९६ बाय ४७ मिमी, उंची २५. स्टँडर्ड सर्व्हो ४० बाय २०. ५४० आकाराची मोटर ३६ मिमी व्यासाची, तिच्या तोंडावर एम-३ची (३ मिमी स्क्रूची) भोकं २५ मिमी अंतरावर. कॉम्प्युटरवर काढणारे हसतील, पण स्क्रीनवर कनेक्टरची जाड वायर वळायला किती जागा खाते ते कळत नाही. पुठ्ठ्यावर लगेच कळतं.

आता मोटर कुठं ठेवायची? हे तुम्ही गाडी कुठं पळवणार त्यावर. परदेशातल्या बऱ्याच शर्यती हल्ली गालिच्यावर नाहीतर कृत्रिम हिरवळीवर होतात. तिथं पकड भरपूर, म्हणून मोटर मागच्या ॲक्सलच्या पुढं, गाडीच्या मध्याकडं घेतात. आमचं मैदान म्हणजे ऊस गेल्यावर मोकळं पडलेलं रान. वर धूळ, मध्ये ढेकळं, कडेला पाचट. पन्हाळ्याच्या बाजूला गेलं तर तांबडा मुरूम, म्हणजे वर सुटे खडे आणि खाली टणक. अशा जागी मागच्या चाकांवर वजन नसेल तर ती नुसती भिरभिरतात. म्हणून मी मोटर मागच्या ॲक्सलच्याही मागं ठेवतो. १९८४ साली आलेल्या आरसी-१० या बगीचीही मोटर मागंच होती, आणि तिची चेसी म्हणजे सोनेरी ॲनोडाइझ केलेली ॲल्युमिनियमची उथळ परात. दगडामातीसाठी ती मांडणी अजून जुनी झालेली नाही.

पण मागं किती वजन? दुसऱ्या चेसीत मी हे अंदाजानं केलं आणि फसलो. पहिल्याच दिवशी भाचा ओरडला, "मामा, ही वळंना की! सरळच चाललीया." पुढची चाकं वळलेली, गाडी मात्र बांधाकडं निघालेली. मोटर मागं, तिच्यामागं बंपर, बॅटरीही मागच्या अंगाला चिकटवलेली. पुढं भारच नव्हता.

तेव्हापासून मी आधी हिशोब मांडतो. वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवा आणि पुढच्या ॲक्सलपासून तिचा मध्य किती मिमीवर आहे ते पुठ्ठ्यावरून मोजा. माझ्या तिसऱ्या गाडीचे आकडे असे. चाकांसकट पुढचा सगळा सांगाडा २६० ग्रॅम, शून्यावर. सर्व्हो ५५ ग्रॅम, ५५ मिमीवर. चेसी प्लेट १६० ग्रॅम, १५० वर. बॅटरी २१० ग्रॅम, १६५ वर. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) वायरसह ९० ग्रॅम आणि बॉडी-विंग ११० ग्रॅम, दोन्ही १९० वर. चाकांसकट मागचा सांगाडा ४६० ग्रॅम, २८५ वर. मोटर १६५ ग्रॅम, ३१५ वर. प्रत्येकाचं वजन गुणिले अंतर करायचं, बेरीज घ्यायची, एकूण वजनानं म्हणजे १५१० नं भागायचं. उत्तर येतं १८७ मिमी. त्याला २८५ नं भागलं की ०.६५७, म्हणजे जवळजवळ ६६ टक्के भार मागं. सातवी-आठवीचं तरफेचं गणित आहे, पोराकडून करून घ्या.

या गणितानं आणखी एक गोष्ट दाखवली. बॅटरी ४० मिमी पुढं सरकवली तर भार फक्त दोन टक्क्यांनी बदलतो. ऐकायला थोडा वाटतो, पण सुक्या धुळीत आणि ओल्या रानात एवढाच फरक लागतो. म्हणून बॅटरीच्या पट्ट्यासाठी एकच जागा ठरवू नका. दोन्ही बाजूंना ४० मिमी लांबीच्या खाचा ठेवा. पाऊस उघडल्यावर जमीन दाबून बसलेली असते तेव्हा बॅटरी पुढं, मार्च-एप्रिलात भुकटी झाली की मागं. गाडी तयार झाल्यावर दोन सारखे किचन काटे आणून एकावर पुढची, एकावर मागची चाकं ठेवून आकडा तपासा.

उंचीचं वेगळं गणित लागत नाही. पैलवान आखाड्यात गुडघ्यात वाकून का उभा राहतो ते कोल्हापूरकराला सांगायला नको. जड ते सगळं प्लेटला टेकवून ठेवा. ईएससी बॅटरीच्या डोक्यावर चढवायचा मोह होतो, तो टाळा.

पत्र्याबद्दल. आपल्याकडं सहज मिळतं ते एचई-३०, म्हणजेच ६०८२ ॲल्युमिनियम. ७०७५ टी-६ (टी-६ म्हणजे उष्णता देऊन कडक केलेला) त्याच्यापेक्षा बराच दणकट, पण महाग आणि छोटा तुकडा मिळवताना दमछाक. ३३० बाय ९५ चा सलग आयत २.५ मिमी एचई-३० मध्ये २१२ ग्रॅम भरतो. कडा आत घेऊन, सर्व्हो आणि गिअरबॉक्सजवळ कमी करून तो १६० पर्यंत येतो. मध्ये जाळीसारखी भोकं पाडायचा सोस नको, माती आत येते आणि प्लेट पिळवटते. वजन वाचवायला २ मिमीवर गेलात तर ताठरपणा निम्म्याच्या आसपास येतो, कारण तो जाडीच्या घनावर चालतो. शॉक टॉवरला मी ४ मिमी ग्लास इपॉक्सी (काचतंतूंची शीट) वापरतो. स्वस्तातली हायलम (बेकेलाइटसारखी) शीट वापरून पाहिली, पहिल्याच कोलांटीत कोपरा उडाला. ग्लास इपॉक्सी घासताना मास्क लावा आणि पाणी मारत घासा, ती धूळ छातीला वाईट आणि अंगाला खाजरी.

आता पहिल्या चेसीची चीर. बगीचे पुढचे आर्म मागं कललेले असतात, माझ्या गाडीत २५ अंश. खड्ड्याचा धक्का बसला की चाक वर जाताना थोडं मागंही जातं आणि नाक आपटत नाही. मला वाटलं, प्लेटचंच तोंड प्रेसवर वाकवू, एक ठोकळा वाचेल. वाकवलं, छान दिसलं, बाकावर ठेवून चहाही पाजला सगळ्यांना. रानातल्या तिसऱ्या उडीत वाकवलेल्या रेषेवर केसासारखी चीर, दहाव्या उडीत नाक हातात. टी-६ टेंपरचा पत्रा एवढ्या तंग गोलाईत वाकवला की बाहेरच्या अंगानं फाटायला लागतोच. दोष माझाच. तेव्हापासून प्लेट सपाट ठेवतो आणि पुढं २५ अंशाचा ठोकळा मिलिंगवर काढून खालून चार स्क्रूंनी कसतो. मिलिंग हाताशी नसेल तर नायलॉनचा ठोकळा तिरका कापून कानशीनं जुळवला तरी चालतो.

लेसर कटिंगला फाइल देताना बाहेरचा आकार आणि खाचा पूर्ण कापून घ्या, पण स्क्रूच्या भोकांच्या जागी फक्त २ मिमीचं भोक मागा. नंतर पिलर ड्रिलवर ३.२ नं मोठं करा. भोक गोल आणि सरळ मिळतं. खालच्या बाजूनं काउंटरसिंक, म्हणजे स्क्रूचं डोकं बुडेल अशी तिरकी खोबण, मारायचं. एम-३ काउंटरसंक स्क्रूचं डोकं १.७ मिमी खोल बसतं, म्हणजे २.५ च्या पत्र्यात डोक्यापलीकडं जेमतेम ०.८ शिल्लक. एक भोक मारा, स्क्रू बसवून बोट फिरवा, मग ड्रिलचा स्टॉपर तिथंच बांधून बाकीची मारा. ठोकळ्यांना टॅपसाठी २.५ चं ड्रिल, टॅपवर दोन थेंब रॉकेल. धातूत जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉक लावा, प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्याला नको, प्लॅस्टिक तडकतं.

टॉवरला शॉक आणि कॅम्बर लिंकसाठी (चाकाचा उभा कल ठरवणाऱ्या दांडीसाठी) तीन-तीन भोकं ठेवा, बाकी मापं ज्या गाडीचे आर्म घेतलेत तिच्या टॉवरवरून उचला. मागच्या चाकांना प्रत्येकी तीन अंश टो-इन (चाकाची पुढची कड आत), कॅम्बर दोन्हीकडं एक ते दोन अंश आत (चाकाचा माथा आत). इथं नवा शोध लावू नका.

गिअरिंग मात्र आपल्या हातात. माझी मोटर ३३०० केव्हीची, म्हणजे एका व्होल्टमागं मिनिटाला ३३०० फेरे. टू-सेल लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) ७.४ व्होल्ट, म्हणजे मिनिटाला २४,४२० फेरे. स्पर (मोठं दातेरी चाक) ८१ दाती, पिनियन (मोटरवरचं छोटं) २३, गिअरबॉक्स २.६, मिळून ९.१६. चाक ८५ मिमीचं, घेर २६७. तासाला ४३ किलोमीटर आले, कागदावर. रानात त्याहून कमीच, आणि बांध जवळ असेल तर तेवढेही जास्त. पिनियन बसवताना दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबा, मोटर कसा, पट्टी काढा. पाच मिनिटं पळवून मोटरवर बोट तीन सेकंद टेकवता येत नसेल तर पिनियन दोन दात्यांनी लहान करा.

बॅटरी ठेवायच्या जागेखाली एकही स्क्रूचं टोक वर आलेलं नको. लायपोला टोचलं तर आग. ईएससीचा कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरल्यावर मोटर बंद करायची मर्यादा, सेलमागं ३.३ व्होल्टला ठेवा.

शेवटी गाडी खिडकीच्या सपाट काचेवर ठेवा. पुढच्या नाकाच्या बरोब्बर मध्याखाली सुरीचं टोक घालून हळू उचला. दोन्ही पुढची चाकं एकदम सुटली पाहिजेत. एक आधी उचललं तर प्लेट पिळली आहे किंवा शॉकच्या स्प्रिंगा कमी-जास्त कसल्या आहेत. आमची तिसरी गाडी डावीकडं आधी सुटत होती. सगळे स्क्रू ढिले केले, काचेवर दाबून पुन्हा आवळले, तेव्हा जमली. मग भाच्याच्या हातात रिमोट दिला. तो पहिल्याच वळणाला पाचटात घुसला, पण वळून घुसला.