परदेशातल्या परिषदेची तयारी : पेपर झाला, आता कागदपत्रं

हजारो माणसं जमणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेला पहिल्यांदा निघालेल्याचं घोडं संशोधनावर क्वचितच अडतं. ते अडतं नावाच्या स्पेलिंगवर, कार्डाच्या सेटिंगवर, पोस्टरच्या नळीवर. ठाणे-नवी मुंबईतले पीएचडीचे विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यासाठी हा क्रम. सहा महिने हाताशी असतील तर उत्तम.

१. ॲबस्ट्रॅक्टच्या (पेपरच्या सारांशाच्या) आधी पासपोर्ट उघडा

परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिन्यांची मुदत आणि दोन कोरी पानं हवीत. नसतील तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आताच घ्या.

मग नाव. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव अशी तीन पदं. पासपोर्टवर बहुधा पहिली दोन ‘गिव्हन नेम’मध्ये एकत्र असतात, आडनाव वेगळं. परिषदेच्या फॉर्मात मधल्या नावाला रकाना नसला की कुणी ते गाळतं, कुणी आडनावाला चिकटवतं, आणि निमंत्रणपत्र पासपोर्टशी जुळेनासं होतं. पासपोर्ट सासरच्या नावाने आणि पेपर माहेरच्या नावाने, हा तर नेहमीचा गुंता. नियम एकच ठेवा : निमंत्रणपत्र, विमा, तिकीट, हॉटेल या चारही ठिकाणी पासपोर्टवरचं नाव, अक्षर न् अक्षर. पेपरवर आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर लेखनातलं नाव चालतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, अशी ओळ आयोजकांकडून निमंत्रणपत्रात घालून घ्या.

२. मुदत आणि पैसे

पेपर पाठवायच्या मुदतीपुढे ‘एओई’ (एनीव्हेअर ऑन अर्थ) लिहिलेलं असेल तर पृथ्वीवर कुठेही ती तारीख संपेपर्यंत वेळ असतो. रात्री ११:५९ एओई म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे ५:२९. मध्य युरोपची मध्यरात्र दिली असेल तर उन्हाळ्यात आपली पहाट ३:३० ला, हिवाळ्यात ४:३० ला. पण ही सवलत मोजत बसू नका. शेवटच्या तासात सर्व्हर हमखास रेंगाळतो.

नोंदणीच्या सवलतीच्या शुल्काची तारीख बहुधा निधीचं उत्तर येण्याआधीच उलटते. तेवढ्या पैशांची सोय वेगळी ठेवा. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार बहुतेक वेळा बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते सुरू करा, मर्यादा वाढवा आणि हे काम दोन दिवस आधी उरका. नोंदणीनंतर ‘तुमचं हॉटेल आम्ही बुक करतो’ असा फोन किंवा ईमेल आला, तर कार्डाचा नंबर देऊ नका. वक्त्यांची यादी जाहीर होताच असे ठग जागे होतात. हॉटेल आयोजकांच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच घ्या.

३. एनओसी, मग व्हिसा

स्वीकृतीपत्र आलं की त्याच दिवशी कॉलेजात एनओसीचा, म्हणजे ना-हरकत पत्राचा, अर्ज टाका. पत्रात रजेच्या तारखा, रजा कोणत्या प्रकारची आणि खर्च कोण करणार हे तिन्ही हवं. नुसतं ‘हरकत नाही’ असलेलं पत्र व्हिसाच्या खिडकीवर फारसं उपयोगी पडत नाही.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. प्रत्यक्षात दहा-बारा आठवडे आधी वेळ घ्या, कारण एप्रिल-मेमध्ये सहलीवाल्यांची गर्दी असते. विमा किमान ३०,००० युरोंचा, फोटो ३५ बाय ४५ मिमी. परिषद व्हिएन्नात आणि मग पॅरिसला फिरणं असेल, तर मुख्य मुक्काम कुठला ते ठरवून त्याच देशाकडे अर्ज करा. गेल्या ५९ महिन्यांत बोटांचे ठसे दिले असतील तर ते सहसा पुन्हा वापरले जातात.

व्हिसाचं काम बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) असेल तर ठाण्याहून मध्य आणि वाशीहून हार्बर, दोन्हीकडून कुर्ला गाठायचं आणि पुढे बस किंवा रिक्षा. अमेरिकी वकिलातीत मोबाईल नेऊ देत नाहीत. कुणाला तरी सोबत न्या.

४. पोस्टर

संशोधन पोस्टरवर मांडायचं असेल तर आधी ते जिथे लावायचं त्या बोर्डाचं माप पाहा, मग डिझाइन. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिमी. बोर्ड मीटरभर रुंद असेल तर आडवं पोस्टर दोन्हीकडून बाहेर लोंबेल. पॉवरपॉइंटमध्ये पानाचं माप पहिल्याच मिनिटाला ८४.१ बाय ११८.९ सेंमी करा. नंतर बदललं की चित्रं ताणली जातात. शीर्षक ८५ पॉइंटच्या वर, मजकूर निदान २४, आणि एकूण शब्द चारशे-पाचशेच्या आत. लोगो आणि फोटो व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून मागवू नका, तिथे ते आकसतात. डॉक्युमेंट म्हणून मागवा. पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत करा, नाहीतर दुकानातल्या संगणकावर ग्रीक चिन्हांचे चौकोन होतात.

छपाई ३६ इंची रोलच्या प्लॉटरवर (मोठ्या कागदाच्या प्रिंटरवर) करा. ९१ सेंमी रुंदीत ए-झिरो उभं नीट बसतं. नाक्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स छापणाऱ्याकडे जाऊ नका : बारीक अक्षरं फुटतात आणि चकाकीमुळे आलेख दिसत नाही. आधी ए-फोरवर एक प्रत काढा. ती हातात धरून वाचता आली नाही, तर पोस्टरही लांबून वाचता येणार नाही.

नळी साधारण ९० सेंमीची होते, आणि केबिन बॅगेची मर्यादा बहुतेक ठिकाणी ५५ सेंमी. काही कंपन्या चालवून घेतात, काही काउंटरवरच अडवतात. कापडावर छापलं तर घडी घालून बॅगेत जातं. सुरकुत्या पडल्या तर उलट बाजूने हलकी इस्त्री. जुलैच्या परिषदेसाठी कागदी पोस्टर लोकलने नेणार असाल तर नळीची दोन्ही तोंडं प्लास्टिकने बांधा, कारण एका सरीत शाई पसरते.

५. भाषण आणि परतीची कागदं

बारा मिनिटं मिळाली तर दहा-अकरा स्लाइड. मोठमोठ्याने, घड्याळ लावून तीन वेळा बोला. फाइल पेन ड्राइव्हवर आणि ईमेलमध्ये, दोन्हीकडे ठेवा, सोबत पीडीएफही.

तिकिटावर ‘बीओएम’ आहे की ‘एनएमआय’ हे नीट पाहा : पहिला मुंबईचा विमानतळ, दुसरा नवी मुंबईचा. जोडविमान असेल तर दोन्ही टप्पे एकाच विमानतळावरचे आहेत ना, तेही तपासा.

बोर्डिंग पास फेकू नका, फोनवरच्या पासचा स्क्रीनशॉटही काढा. प्रवासखर्चाच्या बिलाला लेखाविभाग तोच मागतो. हजेरीचं प्रमाणपत्र शेवटच्या दिवसाच्या आधीच घ्या. नोंदणीचं टेबल बहुधा दुपारी आवरतं.