बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडून ठेवू नका

रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून त्या उघडण्यासाठी पैसे मागणारं घातक सॉफ्टवेअर, फक्त कॉम्प्युटरमधल्या फाइलींवर थांबत नाही. त्या वेळी जोडलेली हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, नेटवर्कवरचं शेअर केलेलं फोल्डर, सगळंच कुलूपबंद करतं. बॅकअपची डिस्क महिनोन्महिने यूएसबीला लटकलेली असेल, तर ऑफिसचा मूळ हिशेब आणि त्याची प्रत एकाच फटक्यात जातात. म्हणून दोन डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. कॉपी पूर्ण झाली की 'इजेक्ट' करून वायर काढा. एक डिस्क ऑफिसबाहेर ठेवा. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं सिंक (फाइलीतला बदल आपोआप इंटरनेटवरच्या प्रतीत उतरणं) म्हणजे बॅकअप नव्हे, कारण बिघडलेली फाइलही तितक्याच तत्परतेने वर चढते. जुन्या आवृत्त्या परत मिळतात खऱ्या, पण ठरावीक मुदतीपर्यंतच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: प्रत घेतली जाते, उघडून कोणी पाहत नाही. महिन्यातून एकदा हिशेबाचा डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करा आणि शेवटच्या बिलाचा नंबर, रक्कम जुळते का ते पाहा.

हल्ला झालाच, तर घाईघाईने डिस्क लावू नका. आधी नेटची वायर काढा, वाय-फाय बंद करा. मशीन पूर्ण फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकल्यावरच बॅकअपची डिस्क जोडा.